चौदा तारखेचा हट्ट

राजूर, ता. वणी
१९ जानेवारी २०२५

प्रिय आत्यास,
रुपालीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र पाहून तू घाबरशील म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, सगळे धडधाकट आहेत. संघदीपने गुडघा फोडून घेतलाय, पण तो दर आठवड्याला फोडतो. पत्र लिहायचं कारण एवढंच की आमच्या घरात फोन आला की स्पीकरवरच लागतो. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणे कमी ऐकू येतं. शेजारच्या घरातलं भांडण मात्र त्यांना भिंतीतून शब्दन् शब्द कळतं. तेव्हा मनातलं बोलायला हा लिफाफाच बरा.

मला सातवा लागला. तारीख वीस एप्रिलची दिलीय. वणीच्या डॉक्टरांनी पोटावरचा जुना टाका पाहिला आणि बसल्या जागी सांगून टाकलं, की पहिलं सिझर म्हणजे दुसरंही सिझरच, आठवडाभर आधीची कुठलीही तारीख तुम्ही सांगा. तुम्ही सांगा म्हटल्याबरोबर बाबांचे डोळे असे चमकले की बस! गाडी राजूरला पोचायच्या आत ठरलं: चौदा एप्रिल, सकाळी. म्हणजे संध्याकाळी जयंतीच्या मिरवणुकीत माईकवरून जाहीर करता येईल. समितीला त्यांनी कळवूनही टाकलंय. आता किराणा घ्यायला गेले तरी लोक मला चौदा तारखेच्या शुभेच्छा देतात. अश्वजित खाणीतून ड्युटी करून येतो, जेवतो आणि बाप काय म्हणतो त्याला मान हलवतो. सासूबाई काहीच बोलत नाहीत. तुला ठाऊकच आहे, त्या कधीच काही बोलत नाहीत.

मला मात्र या खेपेला कळा आपसूक येऊ द्यायच्या आहेत. संघदीप पायाळू होता, म्हणून पोट कापावं लागलं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नंतर टाका पिकला, आणि दीड महिना मी कुशीवर वळायचं म्हटलं तरी भिंत धरत होते, हे तू पाहिलंयस. सिझरनंतरही नॉर्मल होऊ शकतं असं मी वाचलंय. घरात बोलले तर बाबा म्हणाले, नवीन प्रयोग तुझ्या शाळेतल्या पोरांवर कर, घरात नको.

आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तूच. तुझी तिन्ही बाळंतपणं घरात, ढाणकीला झाली. तू एक शब्द टाकलास तर सगळे गप्प बसतील. टाकशील ना?

मामांना नमस्कार. लोभ आहेच, तो उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.
तुझीच
रुपाली

---

ढाणकी
२ फेब्रुवारी २०२५

चि. रुपालीस,
जया आत्याचा अ. आ. आणि जय भीम.

तुह्यं पत्र भेटलं. आमचा पोस्टमन डोंगरसिंग लिफाफा देता देता विचारते, बाई, कोर्टाचं त नाई न? आजकाल पत्र म्हटलं का लोकाईले कोर्टच आठवते. म्या म्हटलं, त्याहून मोठं लफडं हाये बाप्पा, माह्या भाचीचं पोट हाये अन् तिच्या सासऱ्याची मिरवणूक.

लय हसली मी. पोर अजून आतमंदी लाथा मारून राह्यलं अन् इकडे त्याचं नाव माईकवाल्यापाशी पोचलं! तुह्या सासऱ्याले सांगजो, पोराले आधी बाहेर त येऊ द्या, मग हारतुऱ्याचं पाहू.

पन शब्द मी टाकत नाई. रागावू नको, पुढचं वाच.

तिन्ही पोरं घरी झाले हे खरं हाये. त्यात माह्यी बहादुरी काही नोती, नशीब होतं. माह्यी मोठी बहीण रुपा, तुह्या बापानं जिच्यावरून तुह्यं नाव ठेवलं, तिचंही पहिलं घरीच झालं होतं, सोपं. दुसऱ्याच्या वेळेस रक्त थांबेना. जीपमंदी टाकून उमरखेडले नेऊन राह्यले होते. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलती. अर्ध्या रस्त्यात तिनं मले विचारलं, गाव आलं काय. म्या म्हटलं, आलंच. नोतं आलं.

तवा बाई, मले तुह्या हट्टाचा राग नाई, मले रस्त्याचा राग हाये. अन् तुह्या त पोटात जुना टाका हाये. वणीच्या त्या डॉक्टरापाशी रातच्याले रक्त नाई, भूल देनारा बाहेरून येते, हे तूच मागं सांगितलं होतं. तिथं हा खेळ नाई करायचा. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जा. पहिल्या ऑपरेशनचा कागद संग ने. तिथल्या बाईले सरळ विचार, माह्यं जमते का नाई, अन् नाई जमलं त काय होते. ते काय म्हनतात ते मले कळव. मंग शब्द टाकायचा का लाटनं, ते पाहू.

हळद काढून राह्यलो, हात पिवळे हायेत, कागदाले डाग लागले त मानून घेजो. अश्वजितले म्हना, मान हलवून हलवून मानेचा आजार होते.
तुह्यी
आत्या

---

राजूर
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय विहीणबाई जयाताई यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपली भाची व आमची सून सौ. रुपाली हिने नियोजित दि. १४ एप्रिल रोजीच्या प्रसूतीबाबत हरकत घेतलेली आहे. सदर तारीख सर्वानुमते (सौ. रुपाली वगळता) मंजूर झालेली असून वैद्यकीय अधिकाऱ्यांचीही त्यास ना नाही. सबब, आपण वडीलकीच्या नात्याने तिची समजूत घालावी ही विनंती.

मी तहसीलमध्ये अव्वल कारकून म्हणून तीस वर्षे काढली. एकही प्रकरण तारखेबाहेर जाऊ दिले नाही. हे पहिलेच जाईल असे वाटते, म्हणून मन अस्वस्थ आहे.

आपल्याकडील हळदीचा दर्जा यंदा उत्तम असल्याचे ऐकतो. कळावे.
आपला विश्वासू
धर्मपाल

---

ढाणकी
२७ फेब्रुवारी २०२५

मा. धर्मपालजी व्याही यांस,
जयाचा जय भीम.

आपला अर्ज मिळाला. विषय लिहायचा राहून गेला तरी विषय समजला. अर्जावर विचार केला. परंतु मुख्य पक्षकार सध्या पोटात असल्याने त्याची सही घेता आली नाही, म्हणून तारीख देता येत नाही.

आता साधं बोलते. जयंती आपल्या घरची आहे, तुमची हौस मले समजते. माह्याच घरी नातू चौदाले झाला असता त मी ढाणकीभर पेढे वाटले असते. पन तुमच्या मंजुरीत कंसातलं जे आहे न, सौ. रुपाली वगळता, ते वाचून मी तिथंच थांबली. जिचं पोट कापायचं तिलेच वगळून मंजुरी? ज्याची जयंती करता त्यानं आपल्याले हेच शिकवलं काय?

एक करा. तिच्यासंग यवतमाळले तुम्ही सोता जा. डॉक्टरीनबाई काय म्हनते ते आपल्या कानानं ऐका. तिथं स्पीकर नसते, जवळ बसजा.

हळद दोन किलो ठेवली आहे, येताना घेऊन येईन.
तुमची इहीन
जया

---

राजूर
१६ मार्च २०२५

प्रिय आत्यास,
स. जय भीम. वि. वि.

तू बाबांना काय लिहिलंस कोण जाणे. दोन दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरले, कुणाला वाचू दिलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, की यवतमाळला आपण सगळेच जाऊ. तर सगळेच गेलो: बाबा, सासूबाई, अश्वजित, संघदीप, आणि मी डब्यांच्या पिशव्यांसकट. डॉ. भैरवी मॅडमनी विचारलं, की यातला पेशंट कोण?

मॅडमनी माझा जुना कागद सावकाश वाचला. त्या म्हणाल्या, पिशवीवरचा छेद खालच्या बाजूला आडवा आहे, हे चांगलं. पहिल्या वेळचं कारण पायाळू मूल, ते या वेळी नाही. बाळाचं डोकं खाली आलंय. मध्ये चार वर्षं गेली आहेत. तेव्हा प्रयत्न करता येईल. अशा शंभर बायकांत सत्तरेक जणींचं नॉर्मल होतं, बाकीच्यांना मधूनच टेबलावर घ्यावं लागतं. दोनशेत एखादीचा जुना टाका आतून उसवतो. आणि दुसरं सिझरही अगदी बिनघोर नाही, त्याचे तोटे वेगळे, पुढच्या खेपेला वाढणारे. तेही त्यांनी सांगितले. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, आता तुम्ही ठरवा, मी दोन्हीला तयार आहे.

बाबांनी घसा साफ करून चौदा तारखेचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, चौदाला माझी सुट्टी आहे, मीही मिरवणुकीत असते. मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

पण खरा प्रश्न अश्वजितने विचारला, आत्या. एवढे महिने नुसती मान हलवणारा माणूस एकदम म्हणाला, की तो टाका उसवला तर हाताशी वेळ किती असतो? मॅडम म्हणाल्या, मिनिटं. म्हणून तर थिएटर, रक्त आणि भूल देणारे शेजारी हवेत, बाळाचे ठोके सारखे बघायला हवेत. त्याचा चेहरा असा उतरला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं. परतताना गाडीत तो हळूच बोलला, की मला तारखेचं काही नाही, मला भीती वाटून राह्यली. खाणीत डंपर चालवताना नाही वाटत एवढी. सिझरच कर म्हणाला.

बाबांशी भांडणं सोपं होतं गं. याच्या भीतीशी कसं भांडू? आठ दिवस मी शाळेत मुलांना चुकीचे पाढे शिकवले. तुझ्या बहिणीचाही विचार केला. मग एके दिवशी भाकरी खाताना मी त्याला सांगितलं: मी प्रयत्न करणार, पण शेवटचे दिवस यवतमाळलाच राहून. मॅडमना ठोके बिघडलेले दिसले तर एक शब्द न बोलता टेबलावर जाईन. तारखेनंतर आठवडा गेला आणि कळा नाहीत, तर सिझर. तो बराच वेळ भाकरीचा एकच तुकडा चघळत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, पण मी दाराबाहेरून हलणार नाही, आणि मध्येच तुला वाटलं की नको, तर नको. हे त्याने मान न हलवता म्हटलं!

आर्णी रोडला एक खोली बघितलीय. दहा एप्रिलपासून तू ये. लोभ नेहमीसारखा, वर थोडा जास्तीचा असावा.
रुपाली

---

राजूर
४ मे २०२५

प्रिय आत्यास,
स. जय भीम आणि तुझ्या नव्या नातीचा पाय तुझ्या गालाला.

फोनवर तुला सगळं कळलंय, पण स्पीकरवर. म्हणजे काहीच कळलेलं नाही. तू अठराला हळद बाजारात न्यायची म्हणून ढाणकीला परतलीस, त्यानंतरचं खरंखुरं आता ऐक, आणि हे वाचून झालं की चुलीत टाक.

चौदाला काय झालं ते तू पाहिलंच: काहीच नाही. मिरवणुकीत लोकांनी बाबांना विचारलं तर ते म्हणे सगळ्यांना सांगत होते, की प्रकरण प्रगतिपथावर आहे. सोळाला, अठराला, विसालाही प्रगतिपथावरच. रोज दोनदा फोन यायचा. शेवटी मी पोटाला म्हटलं, बाळा, तू आजोबांवर गेलेलं दिसत नाहीस.

बावीसला सकाळी चहा ठेवला आणि कळा सुरू झाल्या. आपण ठरवलं होतं की आत माझ्यासोबत तू यायचं. तू नव्हतीस, आत एकच बाई सोडतात, तर तू गेल्यावर खोलीवर राहायला आलेल्या सासूबाईच आल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता या कोपऱ्यात मुक्यानं बसणार. आत्या, त्या बाईने मला दिवसभर फिरवलं. कंबर चोळली. कळ आली की माझ्याबरोबर श्वास सोडायच्या, कळ गेली की पाणी पाजायच्या. आपल्या तिन्ही बाळंतपणांची हकिकत मला सांगितली, आणि त्यात बाबांचं जे काही वर्णन केलं ते मी कागदावर लिहू शकत नाही. कळा सोसता सोसता मी हसत होते. नर्सबाईंना वाटलं माझं डोकं फिरलं.

दुपारनंतर मात्र हसू संपलं. ठोक्यांचं मशीन पोटाला बांधलेलं, मॅडम येऊन येऊन टाक्याच्या जागी दुखतंय का विचारायच्या. मध्ये एकदा ठोके खाली गेले. मला कुशीवर वळवलं, आणि ते पुन्हा वर आले. पण माझा धीर गेला. तू म्हणतेस न, रस्त्याचा राग; मला त्या क्षणी रस्ता दिसला. मी ओरडले, कापा मला, आत्ता कापा, मला काही नॉर्मल-बिर्मल नको. अख्ख्या व्हरांड्यात ऐकू गेलं. बाहेर अश्वजित उभा होता तो मटकन खालीच बसला म्हणे.

मॅडम एका शब्दानेही रागावल्या नाहीत, समजावलंही नाही. म्हणाल्या, करू, लगेच करू. थिएटरला निरोप पाठवला आणि म्हणाल्या, हलवायच्या आधी एकदा तपासते. तपासलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. म्हणाल्या, रुपाली, डोकं इथं दारात आलंय, ठोके चांगले आहेत. अजूनही थिएटरला जायचं असेल तर जाऊ, पण मला वाटतं बाळ आपल्या आधी पोचेल. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी तो असा धरला की त्यांच्या तीन बांगड्या फुटल्या. पुढच्या पाच-सहा कळांत ही आली, लालबुंद, संतापलेली, दोन किलो नऊशे. थिएटरची गाडी दाराशी आली तेव्हा माझ्या छातीवर ती रडत होती.

नंतर मॅडमनी टाका नीट आहे का पाहिलं, रक्त किती गेलं पाहिलं, आणि सगळं ठीक म्हणाल्या. तेव्हा कुठे मला रडू आलं.

आता गावभर माझ्या धैर्याचे गोडवे चाललेत. बाबा सांगतात, आमच्या सुनेनं तोंडातून आवाज काढला नाही. मी खाली मान घालून ऐकते. तू कुणाला सांगशील तर बघ.

एक शेवटचं. हे मी पलंगावरून, उघड्या दारातून स्वतः पाहिलं. सासूबाई बाहेर गेल्या तशा राजूरहून धावत आलेल्या बाबांनी त्यांना गाठलं. मुलगा की मुलगी, किती वाजता, वजन किती, डॉक्टर काय म्हणाल्या, एका दमात सगळं विचारलं. सासूबाईंनी पदराने घाम पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, जरा गप ऱ्हा, पहिले मले चहा आनून पाजा. आत्या, बाबा उभेच राहिले. अश्वजित उठायला लागला तर सासूबाईंनी त्यालाही हातानेच बस म्हणून सांगितलं. मग बाबा गेले. किती तरी वेळाने आले, दोन्ही हातांत कागदी कप, अर्धा चहा शर्टावर. सासूबाई बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. दोन्ही कप त्याच प्यायल्या. आणि रिकामे कप बाबांच्या हातात परत देऊन म्हणाल्या, पोरगी हाये, तुमच्यासारखीच ओरडते, जा पाहून या.

नातीला पाहायला लवकर ये. माझ्यावर जेवढा जीव लावलास, त्यातला थोडा आता हिच्या नावावर कर.
तुझीच
रुपाली