पाय माझा, सही माझी

३ फेब्रुवारी, मंगळवार
माळ्यावरून मोठी बॅग काढताना स्टूल हललं. (स्टूल हललं. मी नाही.) डावा घोटा मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. बायको म्हणाली, शेजारच्यांना बोलावू म्हणत होते ना मी. ही काय बोलून दाखवायची वेळ? लेकीकडे जायचं विमान पुढच्या मंगळवारी. नात बारा दिवसांची झाली, आजोबा अजून पाहिले नाहीत तिने. जाणार म्हणजे जाणार.

४ फेब्रुवारी
हाडांचे डॉक्टर म्हणाले, पायाला सूज आहे, विमानात आणखी वाढेल. परवा या, प्लास्टरला उभी चीर देऊ. विमान कंपनीच्या फॉर्मवर माझी सही घ्या. आणि व्हीलचेअर सांगून ठेवा.
मी मान डोलावली. व्हीलचेअर! न्यायला जावई येणार, आणि सासरा चाकांवरून अवतरणार?

६ फेब्रुवारी
डॉक्टर रद्द. प्लास्टर इतकं गुळगुळीत बसलंय, त्याला चीर कशाला? फॉर्म स्वतःच भरला. आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली आहेत. अपुरे फॉर्म परत पाठवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ‘डॉक्टरांचे मत’ या रकान्यात लिहिलं : प्रकृती ठणठणीत. खाली सही ठोकली. पाय माझा, तर मतही माझंच.

७ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
सराव सुरू. रोज पॅसेजमध्ये कुबडीशिवाय वीस पावलं.
आज सहा. त्यातली तीन न कण्हता. उरलेली उद्या.
दुपारी सीट बदलून घेतली. आपत्कालीन दरवाज्याजवळची. पाय पसरायला ऐसपैस जागा. लोकांना हे सुचत कसं नाही!

८ फेब्रुवारी
सराव नाही. पायालाही विश्रांती हवी.
बायकोला विमानप्रवास समजावला. ती एकटी कधी कुठे गेलेली नाही. म्हटलं, तिथे माझा हात सोडू नकोस. ती म्हणाली, तुमच्या हातात कुबडी असेल. मुद्दा बरोबर होता. सूर नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार, विमानतळ
ढगळ पँट, खाली प्लास्टरवर बायकोचा लोकरी मोजा. कुबडी टॅक्सीतच सोडली. बॅगांच्या गाडीला धरून काउंटरपर्यंत झकास आलो.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पायाला काय झालं? म्हटलं, जरा मुरगळलाय. तिने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, “मोडलाय. आठवडा झाला.” इतक्या वर्षांचा संसार, आणि साक्ष विरुद्ध बाजूने!
मग सीटचा विषय. त्या सीटवरच्याने वेळ आली तर दार उघडून लोकांना बाहेर काढायचं असतं म्हणे. म्हटलं, काढीन. मुलीला हसू आवरेना.
ड्यूटी मॅनेजर आला. फॉर्म वाचून म्हणाला, डॉक्टर आपणच का? मोजा काढायला लावला. बोटं निळसर पडली होती. फॉर्म अपुरा आहे, म्हणाला, आणि या पायाने मी तुम्हाला विमानात चढवणार नाही, आधी दवाखाना गाठा. ‘फॉर्म अपुरा आहे’ अगदी माझ्याच सुरात म्हणाला. माणूस शिस्तीचा वाटला.
मी बायकोला म्हटलं, चल घरी. ती हलली नाही. शेजारच्यांना फोन केला, मला घ्यायला बोलावलं. किल्ली दिली, गोळ्या दिल्या. म्हणाली, “लेकीचं सिझेरियन झालंय, तिला अजून धड उठता येत नाहीये. मी जाते.” तिने विचारलं नव्हतं, तरी मी परवानगी दिली.
मला दारापर्यंत व्हीलचेअरवरून सोडलं. गादी बरी होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी
डॉक्टरांनी चीर दिली. बोटं पुन्हा गुलाबी. म्हणाले, विमानात बसला असतात तर पायाचं काही खरं नव्हतं. डॉक्टरांना वाढवून सांगायची सवय असते. लगे हात फॉर्मवर सही मागितली. महिनाभर नाही म्हणाले.
न जाण्याचा निर्णय माझाच होता, असं सर्वांना कळवायचं ठरवलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
व्हिडिओ कॉल. लेकीने नात दाखवली. मुठी मिटून झोपलेली. मी लेकीला सगळं सविस्तर सांगायला घेतलं : मीच कसा विचार केला, मॅनेजरला कसं सुनावलं. ती हं हं करत होती. मग हं थांबलं. दहाएक मिनिटांनी चष्मा लावून पाहिलं, तर समोर छताचा पंखा.
आतून हसण्याचे आवाज येत होते. सर्वांत मोठा बायकोचा. ती एवढ्या मोठ्याने हसते हे मला ठाऊक नव्हतं. काउंटर, काउंटर असं काहीतरी ऐकू आलं. दोनदा हाक मारली. मग बाळ रडायला लागलं, सगळे तिकडे धावले असावेत. नातीचा आवाज मात्र खणखणीत आहे.
कॉल बंद केला नाही. पाऊण तास पंखा पाहिला.
मग कोणीतरी पंखाही बंद केला.