बोलला का?

सोमवार

गाड्यांखाली पाठ घासणाऱ्या माझ्या भावांनो, रोजनिशी माझी असली तरी गाऱ्हाणं आपल्या सगळ्यांचं आहे. चार हातांनी बिघडवलेली गाडी पाचव्याकडे येते आणि खापर फुटतं पाचव्याच्याच डोक्यावर. 'मिस्त्रीला जमलं नाही' हे वाक्य मी सभासभांतून ठेचत आलोय, येत्या रविवारी आपल्या संघटनेच्या सभेत पुन्हा ठेचणार आहे.

आज मात्र मन प्रसन्न आहे. मेहुण्याच्या गॅरेजात भागीदार झालो. उंच पत्र्याची शेड, भरपूर उजेड, भिंतीवर आकारवार टांगलेले पाने. वरच्या खोलीत आमचा संसार. बायकोने दुपारपर्यंत पडदेही लावले. मेहुणा म्हणाला, दाजी, आता गाड्यांना नुसतं भाषण दिलंत तरी त्या घाबरून चालू होतील.

पहिलं काम एक जुना पेट्रोल ट्रक, कार्ब्युरेटर जाऊन इंधन-इंजेक्शन आलं त्या सुरुवातीच्या दिवसांतला. सपाटीला चालतो, चढाला धाप लागते. इंधन कमी पोचतंय, एवढं उघड आहे. कुठे अडतंय, ते शोधायचं. माझं मत जगजाहीर आहे: आधी मोजा, मग बदला.

मंगळवार

दाबमापक मेहुण्याने कुणाला तरी दिलेला, उद्या येणार. तोवर इथल्या पद्धतीने. एकाने चावी द्यायची, दुसऱ्याने टाकीच्या तोंडाला कान लावायचा. चावी दिली की टाकीतला पंप क्षणभर गुणगुणतो. चावीवाला विचारतो, "बोलला का?" कानवाला म्हणतो, "बोलला." मी चावीवर, मेहुणा मागे. बोलला म्हणाला. म्हणजे पंप ठीक. मग फिल्टर काढून कापला, तर आरशासारखा स्वच्छ. दिवस फुकट. संध्याकाळी मेहुण्याचा घसा बसला. पेट्रोलच्या वाफा, दुसरं काय.

बुधवार

दाबमापक आला आणि गाडी चालूच होईना. चावी देतो, काटा ढिम्म. विचारतो, बोलला का? मागून उत्तर, बोलला. बोलतो तर दाब जातो कुठे? दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची नळी कोरडी, म्हणजे तिथूनही गळती नाही. इंजेक्टर गळत नाहीत. जमिनीवर थेंब नाही. गाडी ताकास तूर लागू देत नाही. शेवटी मेहुण्यावर खेकसलो, नीट ऐकत का नाहीस? तो बाहेरून येत घोगऱ्या आवाजात म्हणाला, मी तर मघापासून टायरवाल्यापाशी होतो. मग उत्तर कोणी दिलं? म्हणाला, तुम्हीच दिलं असेल, स्वतःच्या भाषणाला स्वतःच टाळ्या वाजवायची सवय आहे तुम्हाला.

जेवताना अबोला. बायको दोघांच्या मध्ये बसून कंटाळली.

गुरुवार

टाकी उपसून पंप बाहेर काढला, बाकावर थेट बॅटरीला जोडला. जळलेला. मग काल बोलला तो कोण?

टाकीजवळची वायर तपासत होतो. चावी बंद. सवयीने तोंडातून गेलं, बोलला का?

रिकाम्या टाकीतून उत्तर आलं. मेहुण्याच्या आवाजात, स्वच्छ, ठणठणीत. मेहुणा माझ्यासमोर उभा होता. ओठ मिटलेले. त्याचा आवाज आज पार गेलाय.

डॉक्टर म्हणाले, घशात काहीच दोष नाही. वा. सगळं ठीक, फक्त गाडी बंद.

शुक्रवार

बायको म्हणते भास आहेत, दोघे सुट्टी घ्या. मी भास मानणारा माणूस नाही. 'आधी मोजा' याच विषयावर सभा गाजवल्यात. मेहुण्याला चावीवर बसवलं आणि स्वतः कान लावला. पंप अजून बाकावरच होता. आत कोणीतरी श्वास रोखून बसल्यासारखं वाटलं. मेहुण्याने चावी दिली, मानेनेच विचारलं. आणि मी, ठरवलं नसताना, म्हणून गेलो. बोलला.

शनिवार

आवाज फाटलाय. उद्या सभा. मिठाच्या गुळण्या, वाफ, काही उपयोग नाही.

दुपारी बायको धावत खाली आली. म्हणाली, किती हाका मारताय, येतेय ना.

मी हाक मारली नव्हती.

रविवार, सकाळ

आवाज गेला. सभेला येत नाही असा निरोप पाठवला. बायको झोपलीय. आता ही रोजनिशी खिशात, लिहूनच बोलतोय. कळलं ते असं: कान लावून जो उत्तर देतो, त्याचा आवाज ती टाकी ठेवून घेते.

टाकी उतरवून कापायची. मेहुणा कटर आणायला गेलाय. तो येईपर्यंत मला थांबवत नाही. मी खाली शिरतोय.

नंतर

टाकीचा पट्टा सुटला. टाकी छातीवर. रिकामी आहे, तरी इतकी जड — हात फक्त मोकळे —

ती बोलतेय. माझ्या आवाजात. सभेतल्या. बायकोला हाक मारतेय, घरातल्या नावाने —

जिन्यावर पावलं.

बायको विचारतेय, कुठे आहात? आणि माझा आवाज सांगतोय — इथे. जवळ ये. कान लाव. पंप बोलला का तेवढं सांग —

चपला दिसतायत. टाकीचं तोंड तिच्याच बाजूला. गुडघे टेकले तिने —

हे पान फाडून तुझ्याकडे सरकवतोय. तो मी नाही. उत्तर देऊ नकोस. टाकीचं झाकण तुझ्या पायाशी पडलंय, उचल आणि ला—