पिचरची सरासरी

सर,

तुम्ही गेलात त्यानंतर काही वर्षांनी बेसबॉलचा नियम बदलला. आता पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, बॅटिंग करावी लागत नाही. परवा इथे कॅरी गावात, माझ्या ऑफिसात लंचला एकजण जुन्या मॅचेसबद्दल बोलताना हे म्हणाला आणि माझा घास हातातच राहिला. तुमच्यावरचा राग एवढ्या वर्षांत निवला असेल असं मला वाटत होतं. कुठचं काय!

स्टेट कॉलेज गावातल्या तुमच्या घराचं स्वयंपाकघर. रविवारची सकाळ. काकू पोहे परतताहेत आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझा प्रोजेक्ट वाचताय. माझं स्टॅटिस्टिक्सच्या पीएच.डी.चं पहिलं वर्ष. मी मोठ्या ऐटीत सिद्ध केलंय की एक पिचर बॅटिंगमध्ये अगदीच टाकाऊ आहे, लीगच्या सरासरीच्या जवळपासही नाही. तुम्ही कागद टेबलावर आपटता. "अगं, पुण्याहून एवढं शिकून आलीस आणि हे? त्याचं काम बॉल टाकायचं. बॅटिंग त्याच्या गळ्यात पडलीय. त्याला फुल-टाइम बॅटर्सच्या सरासरीचं माप काय लावतेस? बाकीच्या पिचर्सशी कंपेअर कर. आधी पोहे खा, मग कर." मी रडकुंडीला आले होते. काकूंनी माझ्या बशीत खोबरं जरा जास्तच घातलं. दुपारपर्यंत तिथेच बसून मी पुन्हा आकडे मांडले, तर तोच माणूस पिचर्समध्ये पार वरच्या ओळीत! तुम्ही टेबलावर थाप मारलीत. "बघ, माणूस तोच. माप चुकलं होतं तुझं." असा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं मी त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं.

आणि तिसऱ्या वर्षी तुम्ही काय केलंत, सर? लेक चार महिन्यांची होती. नवरा अ‍ॅशबर्नला नोकरीला, शनिवार-रविवार यायचा. मी दोन वर्ग शिकवत होते आणि तिला मांडीवर घेऊन एका हाताने थिसिस टाइप करत होते. वर्षाच्या आढाव्याला तिघं प्रोफेसर समोर बसले, त्यात तुम्ही. मला वाटलं, सर आहेत, काळजी नाही. तुम्ही तक्ता पुढे सरकवलात आणि आपलं पोहे-चहाचं नातंच कधी नव्हतं अशा आवाजात, इंग्रजीत, म्हणालात की तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा मी बरीच मागे आहे, पीएच.डी. सोडून मास्टर्सची पदवी घेऊन थांबणं बरं. कोणाची सरासरी, सर? त्या यादीतल्या एकाच्याही मांडीवर मूल नव्हतं. एका अनोळखी खेळाडूसाठी जे तुम्हाला पोहे खाता खाता कळलं, ते माझ्यासाठी का नाही कळलं?

"त्यांनाही वाईट वाटलं गं," काकू नंतर फोनवर म्हणाल्या. वाटून काय उपयोग? मी मास्टर्स घेऊन निघाले. आज औषधांच्या कंपनीत आकड्यांचंच काम करते, उत्तम करते. नवी मुलं भलतीच तुलना करून आली की तुमचं वाक्य त्यांना ऐकवते, आणि ते तुमचं आहे हे मुद्दाम सांगत नाही.

या पत्राला पत्ता नाही. असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण शेवटच्या चार ओळी मला तुम्हाला वाचू द्यायच्या नाहीत. आढाव्याच्या त्या दिवशी तुमचं बोलून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. मग त्या दोघांसमोर, मराठीत, विचारलंत, "काही म्हणायचंय तुला?" उत्तर मला येत होतं, तुमच्याच टेबलाशी शिकले होते. मी "नो, सर" म्हटलं आणि पर्स उचलली.