आला आपला माणूस

बुकित तिमाह, सिंगापूर
१४ जून २०२५

प्रिय शुभाताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही तिघं ठीक आहोत. जाईच्या शाळेला सुट्टी लागलीय, उकाडा नेहमीचाच. इथली मैत्रीण मीनल पुण्याला निघालीय, तिच्याबरोबर हे पत्र देतेय. फोनवर बोलायचं तर बाबा तुझ्या शेजारीच बसलेले असतात.

गुंथर ब्रेमलाउ गेला. चेहरा आठवेल तुला, जर्मन सिनेमातला तो लांब कानांचा. बाबा कॉलेजात जर्मन शिकवायचे, आपल्याला फिल्म क्लबला न्यायचे, पण हिरो कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. ब्रेमलाउ पडद्यावर दिसला की "आला आपला माणूस!" असं जो आधी ओरडेल, त्याला उसाच्या रसाचा मोठा ग्लास. दर वेळी तूच जिंकायचीस, आगाऊ कुठली! तरुणपणी तो पोस्टमन असायचा, मग वेटर, मग हवालदार, मग वाईट बातमी सांगणारा डॉक्टर. शेवटच्या सिनेमात नुसता खाटेवरचा म्हातारा, एक वाक्यही नाही. पन्नास वर्षं काम केलं, पोस्टरवर कधी आला नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तू चहा करायला उठलीस ना, तेव्हा मी बाबांना त्याचा एक जुना प्रसंग दाखवला. तो गेल्याचं सांगितलं नाही. बाबा एकदम ताठ बसले. "आला आपला माणूस!" अगदी तोच आवाज. मग मी पुन्हा स्क्रीनवर आले. ते बराच वेळ बघत राहिले आणि अदबीनं म्हणाले, "तुम्हालाही पाहिलंय मी कुठेतरी. छोटं काम असतं तुमचं, पण छान करता."

मी "थँक्यू" म्हटलं. खरंच म्हटलं. मागून जाई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, आजोबा डोन्ट नो यू ऑलरेडी लाह."

दुसऱ्या दिवशी वन-नॉर्थच्या लॅबमध्ये गेले, काम केलं, जेवले. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. आत काही हलतच नाही, ताई, आणि त्याचीच भीती वाटते.

तू वर्षभर ये ये म्हणतेयस आणि मी प्रोजेक्टची सबब सांगतेय. खरं कारण एवढंच होतं, की समोर उभी राहिले आणि त्यांनी ओळखलं नाही तर? आता ते होऊन गेलंय. तिकीट काढलंय, पुढच्या शनिवारी येते.

एक कर. मी येणार हे त्यांना सांगू नकोस, दारात माझं नावही घेऊ नकोस. मी नुसती आत येईन.

आणि ताई, या वेळी तू आधी ओरडू नकोस.

तुझी,
मधुवंती