पायाळूचा पाय

आप्पा, माझा उजवा पाय आता नीट उचलत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्या मागूनच येतं. कंबरेतून एक कळ निघते, मांडीच्या मागून पोटरीच्या कडेने उतरते आणि थेट अंगठ्यापर्यंत जाते. डॉक्टर सायटिका म्हणतात. मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली गेलीय. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात, माझं आलं ते मुंगीच्या. दोनेक वर्षं मी त्याच्याशी जुळवून घेतलं. सकाळी उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताचा टेकू देऊन उठायचं. घाई केली की दिवसभर शिक्षा. मुदखेडजवळच्या माझ्या शाळेत फळ्यापाशी एक वीट ठेवलीय, तिच्यावर एक पाय टेकवून शिकवते, दमला की दुसरा. नांदेडहून जाताना बसची मागची सीट मिळाली तर ती बस सोडते. खडू पडला तर मुलंच उचलून देतात, आणि बाईंना वाकता येत नाही म्हणून मुद्दाम पाडतात असाही मला संशय आहे. असं रडतखडत चाललं होतं. मग मागच्या महिन्यात पायरीवर चप्पल पायातून निसटली आणि मला पत्ताच नाही. एका पायाने अनवाणी वर्गात शिरले, पोरं हसली तेव्हा खाली बघितलं.

डॉक्टर आपल्या लातूरचेच आहेत, तरुण आहेत. त्यांनी माझा तळवा हातात धरला आणि म्हणाले, “अंगठा वर ओढा.” मी ओढत होते. सगळं बळ लावून ओढत होते. ते शांतपणे म्हणाले, “हं, ओढा ना.” तेव्हा कळलं की अंगठा जागचा हललाच नव्हता. सोमवारी ऑपरेशन आहे. कळ जाईल म्हणतात, पण पायातली ताकद परत येईलच असं सांगता येत नाही. मला त्या तपासणीच्या टेबलावर हसू आलं आणि डॉक्टर चमकून बघायला लागले. त्यांना काय सांगणार, की याच पायाला एके काळी लातूरच्या मोंढ्यातले हमाल कपाळ लावून जायचे.

मी पायाळू. डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढून जन्माला आले, म्हणून उसण भरलेल्या पाठीला माझा पाय लागला की दुखणं जातं, अशी सगळ्या गल्लीची खात्री. सकाळी मोंढा उघडायच्या आधी तुमचे सोबती आपल्या दारात येतात. धिप्पाड माणसं, खांद्यावर बारदान, पोती उचलून मानेवर घट्टे पडलेले. अंगणात पालथी पडतात. आई मला झोपेतून उठवून पाय धुऊन आणते आणि मी डोळे चोळत एकेकाच्या कंबरेवर उजवा पाय दाबते. ते “आता लई बरं वाटायलंय बघ, माय” म्हणत उठतात, पायाला कपाळ लावतात, ओच्यात मूठभर शेंगा टाकतात. मला तेव्हा स्वतःचा केवढा तोरा. तुम्ही भिंतीशी बसून मुंडासं बांधत असता आणि माझ्याकडे बघत नसता. तुमची पाठ तर सगळ्यांत वाईट होती. खाटेशेजारी आढ्याला दोरी बांधली होती, तिला धरून तुम्ही उठायचात. तरी तुम्ही त्या अंगणात कधी पालथे पडला नाहीत.

आणि तो दिवस. तुरीचा हंगाम, पोत्यांची थप्पी लावताना तुमच्या पाठीत चमक भरली आणि दोघांनी तुम्हाला धरून घरी आणलं. तुम्ही घोंगडीवर पालथे, आई चुलीपाशी शेकायला वीट तापवतेय. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला वाटलं, हे तर माझंच काम. कोणी न सांगता पाय धुऊन आले आणि तुमच्या कंबरेवर ठेवला. तुम्ही असे ओरडलात की आईच्या हातातली वीट पडली. “पाय काढ. काय करायलीस, काढ म्हन्तो ना.” ज्या माणसाला कुशीवर वळता येत नव्हतं तो माणूस माझ्या पायाखालून गडबडा लोळून भिंतीला जाऊन टेकला. मी दाराआड रडत बसले. बापाला पाय लावला म्हणून पाप लागलं, असं मला वाटलं.

पण दाराआडून ऐकू येत होतं. आई म्हणाली, “लेकरानं मायेनं लावला. लोकायला चालतंय, तुमालाच का न्हाई?” तुम्ही बराच वेळ कण्हत होतात. मग म्हणालात, “माझी माय म्हनायची, दुखनं मरत न्हाई, पायाळूच्या पायात जाऊन बसतंय. लोकायला तोंडावर न्हाई म्हनता येत न्हाई मला. रोज एका थप्पीला हात लावतो त्यायच्या संगं. पर माझं तरी नको तिच्या पायात.” दुसऱ्या दिवशी तुम्ही मला मांडीवर घेऊन तळव्याला खोबरेल चोळलंत, बोटाबोटातून.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही, आप्पा. मी विज्ञान शिकवते. पाठीतली कळ परक्याच्या पायात जात नाही, हे मला मणक्याचं चित्र काढून सांगता येतं. शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींना मी बोलता बोलता हे सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “लोकायचं अंगावर घेतलं की बाई तुमी.” मी हसून सोडून दिलं आणि मग रिकाम्या वर्गात जाऊन रडले. मावशींचं खरं आहे म्हणून नाही. खोटं आहे म्हणून. कारण ते खोटं असेल तर तुम्ही उगाच सोसलंत. पाय लागून तुमची गादी जागेवर आली नसती, पण घटकाभर बरं वाटलं असतं. लेकीच्या हातचं पाणी पिऊन वाटतं तेवढं तरी. बाकीच्या सगळ्यांना वाटायचं. ज्या एका माणसाला मला मनापासून बरं करायचं होतं, त्याने ते मला करू दिलं नाही, आणि शेवटच्या वर्षी तर तुम्ही त्या दोरीला धरूनही उठू शकत नव्हतात. मी तुमच्या उशाशी बसायचे, पाय पदराखाली घेऊन.

माझी मुलगी लातुरात शिकवणीला आहे. तिला पायाचं माहीत आहे, अंगणाचं सांगितलेलं नाही. तुमच्यासाठी मात्र एवढं लिहिलं, आणि आता वाटतं, तुम्ही नाहीत तेच बरं. तुम्ही असता तर यातलं एक अक्षर मी तुम्हाला कळू दिलं नसतं. पाय मुरगळलाय म्हणाले असते. तुम्ही तेलाची वाटी घेऊन बसला असता, आणि तुमचे हात लागतायत की नाही हे मला कळलं नसतं. तरी मी म्हणाले असते, बरं वाटायलंय.