पुढची खोली, टेम्पो आणि बाजारातली माझी जागा

सगळ्यात आधी गोदू आली. मृत्युपत्राला बोलावलं तर माणूस जरा तोंड पाडून येतं, पण ही ओल्या बोंबलांची पिशवी घेऊन हसत आली आणि दारातूनच म्हणाली, "शांते, मला काय ठेवलंस?" तुला साक्षीदार म्हणून बोलावलंय आणि साक्षीदाराला काही ठेवत नाहीत, असं सांगितल्यावर ती बोंबील घेऊन परत निघाली होती. मग बाळू आला. बाळू आमचा टेम्पो चालवतो. तोही साक्षीदार, म्हणून त्यालाही काही नाही. दोघं समोर चहा पीत बसलेत आणि मी लिहिते आहे. आज सोमवार, बाजार थंड, म्हणून सगळ्यांना वेळ आहे.

तर मी, शांती गणू कोळी, वय पंच्याहत्तरच्या पुढे, शिक्षण चौथी, धंदा मासळीविक्री, राहणार कोळीवाडा, पनवेल, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. सकाळी डॉक्टरांनी तसा दाखलाही दिला. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, आणि याआधी असा कागद मी केलेला नाही. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

हे आत्ताच का, ते आधी लिहिते. नाहीतर माझा मुलगा कुंदन म्हणेल, आयेला कोणीतरी भरवलं.

रिया ही कुंदनची मुलगी. तिच्या पायांत जन्मापासून बळ नाही. ती माझ्याकडेच वाढली, कारण कुंदनची खारघरची जागा चौथ्या मजल्यावर आणि तिथली लिफ्ट मनात येईल तेव्हा चालते. रियाची बारावी झाली आणि ती घरात बसली. खिडकीत बसायची आणि माझ्याशीही बोलायची नाही. मला दुसरं काही सुचेना, म्हणून एक दिवस तिला उचलून बाजारात माझ्या शेजारी बसवलं. मासळी बाजारात आम्ही सगळ्याच बसलेल्या असतो. तिथे कोण चालतंय? गिऱ्हाईकच येतं, वाकतं, घासाघीस करतं. पापलेट नीट करून देताना रियाचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. आता तिच्यासमोर गर्दी आणि माझ्यासमोर माश्या. याचा मला इतका आनंद आहे की बाजारात मी तो तोंडावर येऊ देत नाही, दृष्ट लागेल.

तिची चाकांची खुर्ची टेम्पोतून जाते. क्रेट उतरवायची फळी असते, तिच्यावरूनच वर चढते. करंजा बंदरातून पहाटे मासळी येते, दहापर्यंत टेम्पो धुऊन रिकामा. गल्लीतली कादंबरी म्हणाली, माझ्या नवऱ्याला दवाखान्यात सोडाल का, त्याची एक बाजू लुळी आहे. मग डोळ्यांनी दिसत नाही ते मास्तर बँकेत जायला बसू लागले. मग आणखी कोणी. फेरी झाली की सगळे माझ्या पुढच्या खोलीत टेकायचे. मास्तर तिथे मुलांचे पाढे घेतात, रिया मोबाइलवर मासळीच्या ऑर्डरी घेते, आणि कादंबरीला चार तास मोकळे मिळतात. याला सेवा म्हणतात हे आम्हाला चारुताने सांगितलं. चारुता शहरात अपंगांसाठी छोटी संस्था चालवते. वस्तीत अपंगांसाठी काही नवीन करणाऱ्यांना अनुदान देणारा एक निधी आहे, तिथे तिने आमच्या नावाने अर्ज केला.

'नवीन' या शब्दाने मला दमवलंय. याआधी दोन ठिकाणची माणसं येऊन गेली. फोटो काढले, चहा घेतला, आणि दोन्ही वेळा तोच प्रश्न, यात नवीन काय? टेम्पो जुना, फळी जुनी, मी जुनी. परत कोणी आलं नाही. रिया दोन्ही वेळा वेणी घालून, चांगला ड्रेस घालून बसली होती. म्हातारपणी माणूस कामाने दमत नाही एवढं अशा वाट बघण्याने दमतं.

मागच्या आठवड्यात या निधीच्या मनस्वी मॅडम यायच्या होत्या. कुंदन मला न विचारता एसीची मिनीबस भाड्याने घेऊन आला. पडदेवाली.

"आये, मोठी मानसं यतान. मासलीच्या वासान बसवशील त्यांना?"

टेम्पो त्याने तलावाकडे लावायला लावला. आता मिनीबसच्या पायऱ्या एवढ्या उंच, दार एवढं अरुंद, की मास्तर कसेबसे चढले आणि बाकी सगळे खालीच. मॅडम समोर उभ्या. कादंबरीच्या नवऱ्याला दोघांनी उचललं तेव्हा त्याची चप्पल गळून पडली. त्याने डोळे मिटून घेतले. मग कुंदन रियाकडे वळला.

"पप्पा, मला नका उचलू," रिया म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मी रोज माझी माझी चढते."

कुंदनचे हात तसेच राहिले. शेवटी मीच बाळूला फोन लावला. टेम्पो आला, फळी पडली, एकेक जण चढला. मॅडमनी आधी ओढणी नाकाला लावली, मग चढून मागे क्रेटवर बसल्या आणि सगळी फेरी फिरल्या. दवाखाना, बँक, परत खोली. माणूस चांगलं वाटलं. नवीन काय, असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी दुसरंच विचारलं.

"आजी, अनुदान मिळालं तर दोन वर्षं मिळेल. टेम्पोला खुर्ची उचलणारी लिफ्ट बसेल, एक मदतनीस येईल, संडासाचं दार रुंद होईल. पण ही खोली कुणाच्या नावावर आहे? आणि तुमच्यानंतर काय?"

खोली माझ्या नावावर. माझ्यानंतर काय, म्हणून मी कुंदनकडे बघितलं. कुंदन लादीकडे बघत होता, कारण बिल्डरचा माणूस या घरासाठी त्याच्याकडे दोनदा येऊन गेलाय, हे मला माहीत आहे. रिया माझ्याकडे बघत होती. मॅडम म्हणाल्या, लेखी काही असेल तरच त्यांना अर्ज पुढे नेता येईल.

म्हणून हे लेखी.

पहिलं. पुढची खोली रियाची. फेरीचं काम चालू आहे तोवर ती त्या कामालाच राहील, भाडं न घेता. बिल्डर आलाच, तर तळमजल्यावर तेवढीच जागा, रस्त्याला लागून, बिनउंबरठ्याची, असं कागदावर घेतल्याशिवाय कोणी सही करू नये. मी उंबरठा काढला तेव्हा गोदू म्हणाली होती, लक्ष्मी निघून जाईल. मी म्हटलं, आणि लक्ष्मीच खुर्चीवरून आली तर?

दुसरं. वरचा मजला आणि मागचं स्वयंपाकघर कुंदनचं. तो वाईट नाही. लेकीला चांगलं काही द्यावं म्हणून त्याने बस आणली आणि लेकीलाच विचारायचं राहिलं. मिनीबसचा राग मी सोडला असं लिहिणार होते, पण मृत्युपत्रात खोटं कशाला? राग आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, माझ्याबरोबर नेईन.

तिसरं. बाजारातली जागा. ती मला सासूने दिली, तिला तिच्या सासूने. आमच्यात ती सुनेला जाते. माझी सून शाळेत शिकवते, तिला मासळीचा वासही सोसत नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. म्हणून जागा नातीला. कोयता, पाट, बर्फाची पेटी त्यातच आलं. सुनेला माझ्या पाटल्या. आणि शेजारच्या जागेवाल्या गोदूने आपली टोपली सरकवत सरकवत माझी वीतभर जागा खाल्ली आहे, ती तिने रियाला परत करावी.

हे गोदूने आत्ता वाचलं. "वीतभर नाय, चार बोटां."

"बरं, चार बोटं. दिलीस?"

"तू मर तरी आधी."

चार बोटं, असं दुरुस्त केलं.

चौथं. टेम्पो रियाचा. बाळूला हवं तोवर बाळूच चालवेल. पहाटे मासळी, दहानंतर माणसं, हा क्रम कोणी मोडू नये. दोन वर्षांनंतर काय, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. मासळी विकली जाते तोवर डिझेल भरलं जाईल. नुसत्या माणसांसाठी टेम्पो ठेवला तर अनुदान संपेल त्या दिवशी दारात उभा राहील. लिफ्ट बसली तरी फळी टाकून देऊ नये, लिफ्ट बंद पडते. आणि टेम्पोला अत्तर फवारू नये, मास्तरांना शिंका येतात.

पाचवं. बँकेत असेल त्यातून माझं दिवसकार्य साधं करावं. उरेल ते रियाचं. हे सगळं नीट होतंय का ते चारुताने बघावं, तिने हो म्हटलंय. भांडण झालं तर रियाचं ऐकावं. ती लहान नाही, तिला उचलून इकडून तिकडे ठेवू नये.

एवढं लिहून हात दुखला. वाचून बघितलं, पटलं, सही करते.

पनवेल, सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

शांती गणू कोळी

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. गोदू महादू कोळी (अंगठा नाही, सही येते, असं लिहायला सांगते आहे)
२. बाळू रामा भोईर

खाली जागा उरली म्हणून लिहिते. मनस्वी मॅडमना हा कागद दाखवायचा आहे. निधीच्या साहेबांना घेऊन त्या परत येणार आहेत. मी कुंदनला सांगितलंय, त्या दिवशी खारघरहून लवकर निघ आणि आमच्याबरोबर टेम्पोत मागे बस. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आधीचे पाहुणे नुसतं कळवतो म्हणाले होते. मॅडमनी वार सांगितलाय. शुक्रवार, २१ फेब्रुवारी.