पोत्यांचं शीड

आबा, मी होडी घेतली. वापरलेली आहे, शिडाची आहे, आणि पळसदेवला तुम्ही जाळी वाळत घालायचा त्याच्या थोडं खाली बाभळीला बांधून ठेवली आहे. तुम्ही असता तर आधी तिच्या बुडावरून हात फिरवून बघितला असता आणि मग मला शिवी दिली असती. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईमाणसाला हे काय सुचलं, असं बारामतीत सगळेच म्हणाले. दूध संघाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, दिवस जाता जाईना, म्हणून घेतली असं मी सांगते. ते अगदीच खोटं नाही.

होडी पुण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची. बरीच वर्षं त्यांनी ती उजनीच्या पाण्यावर हौसेनं चालवली, गुडघे गेले तेव्हा विकायला काढली. मी बघायला गेले तर ते काठावर खुर्ची टाकून बसले होते आणि होडीकडे बघायचं टाळत होते. फायबरची, तीन माणसांत भरून जाईल एवढी, बुडाला दोन ठिगळं. शीड मात्र पांढरंशुभ्र, नीट घडी घातलेलं. त्यांनी ते उलगडलं आणि मी तिथंच ठरवलं. ठिगळं का लावली, पाणी झिरपतं का, काहीच विचारलं नाही. तुमचं शीड युरियाच्या पोत्यांचं होतं.

आपलं रान धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. औत धरलेल्या हातांनी तुम्ही वल्हं धरलं आणि सगळा घाट तुम्हाला हसला. मग एका उन्हाळ्यात तुम्ही अंगणात बसून दाभणानं पोती जोडलीत. आई एक कड ताणून धरायची आणि पुटपुटत राहायची. ते शीड लावून पहिल्या दिवशी तुम्ही मला होडीत बसवलंत. मागून पश्चिमेचा वारा येतो, पोती फुगतात, वल्हवणारे सगळे मागे पडतात आणि तुम्ही चक्क हसताय. मला म्हणालात, "वारा कुणाच्या बापाचा न्हाय, पोरी. ह्यो सरकारला धरणात घालता यायचा न्हाय." तुम्हाला तसं हसताना मी पुन्हा कधी बघितलं नाही. पुढं बाजारच्या दिवशी तुम्ही पिऊन यायला लागलात. रोज नाही, बाजारच्याच दिवशी. हे मला लिहून ठेवायला हवं, कारण नंतर ते कुणी लक्षात ठेवलं नाही.

मी अठरा वर्षांची होते. बारामतीला प्रयोगशाळेचं शिक्षण घ्यायला मामा मला न्यायला तयार होता. तुम्ही चुलीपुढं जेवायला बसला होता. "कुठं न्हाय जायाचं. आईच्या हाताखाली कोण हाय?" एवढं बोलून तुम्ही पुढचं ताट ढकललंत, गरम कालवण माझ्या पायावर सांडलं. मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात भाकरीचं फडकं तुमच्या हातात दिलं तेव्हाही तोंड वर केलं नाही. तुम्ही फडकं खांद्यावर टाकलंत. "पायाला तेल लाव," म्हणालात आणि गेलात.

दुपार कलल्यावर तुम्हाला पाण्यातून काढून काठावर आणलं. पोत्यांच्या शिडात गुंडाळलेले होता. हवालदार आपल्या ओट्यावर बसलाय, गुडघ्यावर कागद. आईला रडण्यापुढं बोलता येत नाही, म्हणून तो मला विचारतोय.

"पीत हुते का?"

"व्हय."

"आज पिलं हुतं?"

आबा, मी भाकरी दिली तेव्हा तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तुमच्या अंगाला जाळ्याचा वास होता, विडीचा होता. दुसरा कसलाच नव्हता. तरी मी म्हणाले, "व्हय. सकाळपास्नं." त्यानं लिहून घेतलं. का म्हणाले, याचं उत्तर मी इतकी वर्षं वेगवेगळं देत आले. घाबरले होते. पोर होते. खरं असं आहे की मला तुमचा राग आला होता आणि माझं कुणीतरी ऐकून लिहून घेत होतं.

तेवढ्या दोन शब्दांनी पुढचं सगळं ठरलं. तुम्ही बुडालात असं कुणी म्हणालं नाही. पिऊन पडला, असंच म्हणाले. आई पाण्याला गेली की बायका गप्प व्हायच्या. पितृपक्षात तिनं तुमच्या नावानं कधी पान वाढलं नाही. "मला वाऱ्यावर सोडून बाटलीपायी मेला, त्याला कशाला घास?" असं ती माझ्यासमोर म्हणायची आणि मी भांडी घासत राहायची. शीड लोकांनी काठावरच जाळलं. आणि मी महिन्याभरात मामाकडं बारामतीला गेले. अडवायला कोणी नव्हतं. ते शिक्षण, ती नोकरी, हे घर, सगळं त्यानंतरचं आहे.

डॉक्टरांनी मला चार रविवार शिकवलं. वारा गालाला कुठं लागतो ते बघा, शिडाच्या खालची आडवी काठी फिरते तेव्हा डोकं खाली घ्या, तरंगायचं जॅकेट अंगातून काढू नका. पाचव्या रविवारी मी एकटी गेले. ऊन होतं, पाणी सपाट होतं. पोटात चहा आणि दोन बिस्किटं. अर्ध्या तासानं डोंगराच्या बाजूनं वाऱ्याचा झपाटा आला, एकच. काठी फिरली, मी डोकं खाली घेतलं, आणि मी बरोबर तेच केलं याचा आनंद व्हायच्या आत होडी आडवी झाली. मी पाण्यात, आणि वरून शीड. ओलं कापड तोंडावर बसलं की श्वास घेताना तेच आत ओढलं जातं. वर ढकलावं तर ते पाण्याला चिकटलेलं, उचललं जात नाही. कड कुठं ते कळत नाही. जॅकेट मला वर, त्या कापडाकडंच रेटत होतं. तुमच्या अंगात जॅकेट नव्हतं आणि तुमचं शीड पोत्यांचं होतं, भिजल्यावर माझ्या शिडापेक्षा कितीतरी जड.

मला एका मच्छीमारानं ओढून काढलं. आता तोही साठीच्या पुढं आहे. तुम्हाला काठावर आणणाऱ्यांत तो होता. मी त्याच्या होडीत पडून पाणी ओकत होते आणि तो माझी पाठ चोळत होता. जरा सावरले तसा हसला. चांगल्या मनानं हसला. "बापाच्या वळणावर गेलीस की गं. फरक एवढाच, त्यो पिऊन पडला, तू न पिताच."

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला फक्त पाणी होतं, ऐकणारा तो एकटा. मी म्हणाले, "व्हय." पुन्हा तोच शब्द, चाळीस वर्षांनी.

घरी आले. आई आता माझ्याकडंच असते, ऐंशीला टेकली आहे. ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. माझे केस अजून ओले होते. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, हवालदार, भाकरीचं फडकं, सगळं. ती निवडत राहिली. काड्या वेगळ्या, पानं वेगळी. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मग तिचा हात थांबला.

"सकाळी पिलं नव्हतं?"

"न्हाय, आई."

"मग मी एवढी वरसं राग कुणावर धरला?"

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती भिंतीला धरून उठली, भाजी धुतली, फोडणीला टाकली, मला जेवायला हाक मारली. माझ्यासमोर ताट ठेवलं. ती स्वतः त्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला आता पाच महिने झाले. ती माझ्याशी बोलते, गोळ्यांचं, दुधाचं, विजेचं. तुमचं नाव काढत नाही. यंदा पितृपक्षात तिनं तुमचं पान वाढलं. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू लांब थांब."

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. पाण्यात सोडावं असं एकदा मनात आलं, पण ते नाटक झालं असतं. कपाटात कागदांखाली राहील. डॉक्टर अधूनमधून फोन करून विचारतात, होडी कशी चाललीय. मी त्यांना सांगते, शीड फाटलंय, शिवायला दिलंय. आबा, शीड फाटलेलं नाही. त्या दिवसानंतर मी पाण्यात पाय घातलेला नाही.